रोहिणी, दबरान आणि मृगसाल

मावळात पावसाच्या आधी रोहिणी येते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातले शेतकरी आभाळाकडे पाहू लागतात. राब भाजून झालेले असतात. कुणी धूळवाफेवर भात पेरून मोकळा होतो, तर कुणी पहिल्या सरीसाठी थांबतो. 'रोहिणी लागली' हे शब्द त्या दिवसांत एसटीच्या थांब्यावर, किराणा दुकानात, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर सारखेच ऐकू येतात. मावळातल्या गावागावांत शेती करणारी शेख, मुलाणी, तांबोळी, अत्तार यांची घरेही हीच भाषा बोलतात. आपल्याकडे पेरणी नक्षत्रावर ठरते आणि नक्षत्राला जात-धर्म विचारण्याची पद्धत मावळात कधी नव्हती.

अलीकडे मात्र दोन प्रकारचे आक्षेप कानांवर येतात. उर्दू माध्यमाच्या वर्गात एखादी मुलगी विचारते, "मॅडम, नक्षत्र मानणं शिर्क आहे का?" प्रश्न तिचा नसतो, घरात कुणीतरी बोललेले असते. दुसरीकडे काही मंडळींना मराठीतला प्रत्येक अरबी-फारसी शब्द परका वाटतो, तो वेचून बाहेर टाकावासा वाटतो. एकाला नक्षत्र परके वाटते, दुसऱ्याला अरबी शब्द परका वाटतो. या दोघांनाही एका ताऱ्याची हकिकत सांगावी म्हणून हा लेख लिहीत आहे. तो तारा म्हणजे रोहिणी. अरबी पुस्तकांत त्याचे नाव अद्-दबरान. जगभरच्या खगोलशास्त्रात तो आज आल्डेबरान या नावाने ओळखला जातो, आणि हे नाव सरळसरळ त्या अरबी शब्दाचेच रूप आहे.

पाठलाग करणारा

'दबरान' या शब्दाचे मूळ अरबी 'द-ब-र' या धातूत आहे. दुबुर म्हणजे पाठ, मागची बाजू. दबरान म्हणजे मागून येणारा, पाठोपाठ चालणारा. हा कुणाच्या मागे चालतो? तर कृत्तिकांच्या. आकाशात आधी कृत्तिकांचा पुंजका उगवतो आणि सुमारे तासाभराने त्याच्या मागोमाग हा तांबूस तारा वर येतो. कृत्तिकांना अरबीत 'अस्-सुरैया' म्हणतात आणि फारसीत 'परवीन'. आपल्या घराघरांत सुरैया आणि परवीन नावाच्या मुली आहेत, पण ही दोन्ही नावे एकाच तारकापुंजाची आहेत हे फार थोड्यांना माहीत असते. शेजारच्या मराठी शाळेच्या हजेरीपटावर रोहिणी असते आणि आमच्या हजेरीपटावर सुरैया. आकाशात या दोघी शेजारणी आहेत.

वाळवंटातल्या अरबांनी या जोडीवर एक गोष्ट रचली. दबरानने सुरैयाला मागणी घातली आणि मध्यस्थ म्हणून चंद्राला पाठवले. सुरैयाने विचारले, या कफल्लकाशी लग्न करून मी काय करू? तेव्हा दबरानने आपले तरणे उंट गोळा केले आणि मेहर म्हणून ते हाकत तो तिच्या मागे निघाला, तो आजपर्यंत चालतोच आहे. त्या ताऱ्याभोवती इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा लहान ताऱ्यांचा जो समूह दिसतो, ते त्याचे उंट. अरबीत त्यांना 'किलास' म्हणत. या ताऱ्याला 'हादी अन्-नज्म' असेही एक नाव होते. नज्म म्हणजे येथे कृत्तिका, आणि हादी म्हणजे उंटांमागे गात चालणारा. उर्दूत उंटांना चालते ठेवण्यासाठी गायल्या जाणाऱ्या गाण्याला 'हुदी' म्हणतात, तो शब्द याच कुळातला.

आता भारतीय कथा पाहा. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या होत्या. चंद्राचा जीव मात्र एकट्या रोहिणीत. बाकीच्या बहिणींनी बापाकडे गाऱ्हाणे नेले, दक्षाने शाप दिला आणि तेव्हापासून चंद्र झिजू लागला. अरबांनी ज्या समूहात उंट पाहिले, त्याच 'व्ही'मध्ये आपल्या पूर्वजांना बैलगाडी दिसली. संस्कृत ग्रंथांत त्याला 'रोहिणीशकट' म्हणतात. ग्रीकांना तेथे बैलाचे तोंड दिसले आणि हा तांबडा तारा त्या बैलाचा डोळा ठरला. म्हणून अरबी ज्योतिर्विदांनीही पुढे त्याला 'ऐन अस्-सौर', म्हणजे वृषभाचा डोळा, असे दुसरे नाव दिले. ज्याच्या अंगणात जे जनावर होते, ते त्याने आभाळात नेऊन बांधले.

रोहिणी हा शब्द 'रोहित' म्हणजे तांबडा यावरून आला आहे. अरबांनी त्याची चाल पाहून नाव ठेवले, आपल्याकडे रंग पाहून. दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत.

चंद्राचे मुक्काम

चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला सुमारे २७.३ दिवस लागतात. रोज रात्री तो नव्या ताऱ्यांजवळ दिसतो. भारतीयांनी या वाटेचे २७ भाग केले, अरबांनी २८. भारतीय यादीतही अभिजित धरला की २८ होतात. अरबीत या मुक्कामांना 'मनाज़िल' म्हणतात. कुराण शरीफात सूरह यासीनच्या ३९व्या आयतीत चंद्रासाठी ठरवून दिलेल्या मंझिलींचा उल्लेख आहे, आणि सूरह यूनुसच्या ५व्या आयतीत या मंझिली माणसाला वर्षांची मोजणी आणि हिशेब कळावा म्हणून आहेत असा आशय आहे. हा हिशेबाचा मुद्दा पुढे कामास येणार आहे.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी. शरतान, बुतैन, सुरैया, दबरान. दोन्हीकडे चौथा क्रमांक याच ताऱ्याचा. अल-बिरूनी (९७३-१०४८) याने संस्कृतचा अभ्यास करून १०३० च्या सुमारास भारतावर जो ग्रंथ लिहिला, त्यात चंद्राच्या या स्थानांवर स्वतंत्र प्रकरण आहे. एका परंपरेला हसून दुसरी मोठी करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने दोन्हींची मोजणी तपासली.

त्याच्या आधी अब्दुर्रहमान अस्-सूफी याने ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. ग्रीक टॉलेमीची यादी त्याने डोळ्यांनी पुन्हा तपासली आणि प्रत्येक तारकासमूहाजवळ वाळवंटी अरबांची जुनी नावेही टिपून ठेवली. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली आणि त्यांबरोबर अरबी ताराही युरोपात गेला. जर्मन बायरने १६०३ मध्ये त्याला वृषभातला 'आल्फा' हे अक्षर दिले, पण जुने नाव काही पुसले गेले नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१६ मध्ये ताऱ्यांची नावे अधिकृत करायला घेतली, तेव्हा आल्डेबरान हेच नाव कायम केले.

हा व्यवहार एकमार्गी नव्हता. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारात महेंद्र सूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये 'यंत्रराज' हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. विषय होता उस्तरलाब, म्हणजे ताऱ्यांवरून वेळ काढण्याचे यंत्र. आपल्या दख्खनमध्ये फिरोजशाह बहमनीने १४०७ च्या सुमारास दौलताबादजवळ घाटावर वेधशाळा बांधायला घेतली होती. फरिश्ता या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे प्रमुख हकीम हसन गीलानीच्या मृत्यूमुळे ते काम अपुरे राहिले. विजापुरात १५७० मध्ये 'नुजूमुल उलूम' हा सचित्र ग्रंथ तयार झाला, त्यात इस्लामी आणि भारतीय अशा दोन्ही ज्योतिषपरंपरा एकत्र नांदतात. आणि आधुनिक काळात भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) यांनी, मराठीतून, १८९६ साली. दीक्षित पेशाने शिक्षक होते. आम्हा शिक्षकांना याचा अभिमान वाटावा.

मृगसाल

आता मुद्द्याचे. रोहिणी आणि दबरान या दोन परंपरा आपल्या मावळात नुसत्या शेजारी राहिल्या नाहीत, त्या एकाच कागदावर आल्या.

हिजरी वर्ष चांद्र आहे. ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत, हे आपण अनुभवतोच. इबादतीला त्याने काही अडत नाही. पण शेतसारा वसूल करायचा तर पीक घरात आलेले असावे लागते आणि पीक सूर्याच्या चालीवर येते. ही अडचण दख्खनमध्ये एका नव्या सनाने सोडवली. त्याचे नाव शुहूर सन. मराठी कागदांत 'सुहूर' असेही लिहितात. शुहूर हे अरबी 'शहर' म्हणजे महिना याचे अनेकवचन. इसवी सन १३४४-४५ मध्ये, महंमद तुघलकाच्या काळात, हिजरी ७४५ हा आकडा घेऊन हा सन सौर वर्षावर चालू लागला. म्हणून शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो.

या सनाचे नवे वर्ष कधी सुरू होत असे? मोहरमला नाही आणि पाडव्यालाही नाही. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की शुहूर सन बदलत असे. म्हणूनच त्याला 'मृगसाल' म्हणतात. म्हणजे रोहिणी हे वर्षाचे शेवटचे नक्षत्र. रोहिणी सरली, मृग निघाला, पेरणी आली, की जुने खाते बंद आणि नवे सुरू.

वर्षाचा आकडा मात्र अरबी शब्दांत लिहायचा, तोही मोडी लिपीत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा-दहांचे शब्द असे : अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर म्हणजे मया, हजार म्हणजे अलफ. मदरशात किंवा उर्दू शाळेत अरबीची तोंडओळख झालेल्या कुणालाही हे शब्द थोड्या बदललेल्या उच्चारांत ओळखू येतील.

उदाहरण घरचेच घेऊ. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज मुंबईहून बोरघाट चढून खंडाळा, कार्ला करीत तळेगावापर्यंत आली. मराठ्यांनी वाटेतली रसद तोडली होती. फौज मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. तेथे जो तह झाला तो वडगावचा तह. ते वडगाव म्हणजे आपल्या मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण. शुहूर सनाप्रमाणे ते वर्ष ११७९, म्हणजे 'तिसा सबैन मया व अलफ'. नऊ, सत्तर, शंभर आणि हजार. कागदावर पुढे 'छ' हे अक्षर घालून चांद्र तारीख लिहीत आणि महिना हिजरीचा : मोहरम, सफर, रबिलावल, जिल्हेज. वडगावचा तह झाला तेव्हा जिल्हेज संपत आला होता.

त्या वेळी हिजरी सन ११९२ चालू होता आणि शुहूर ११७९. तेरा वर्षांचे अंतर. १३४४ मध्ये दोन्ही आकडे एकच होते. मग चार शतकांत चांद्र वर्षे भराभर सरकत तेरांनी पुढे गेली. या एका वजाबाकीत चंद्र आणि सूर्य यांच्या चालीतला फरक मुलांना समजतो, हे मी वर्गात पाहिले आहे.

एका तारखेत किती हात लागले ते पाहा. वर्ष बदलते ते भारतीय नक्षत्रावर, आकडा अरबी, महिना हिजरी, लिपी मोडी, भाषा मराठी आणि मजकूर बहुधा मावळातल्या एखाद्या गावाच्या भाताच्या वसुलीचा. कारकून ब्राह्मण असो की कायस्थ, त्याला 'तिसा सबैन' लिहिताना परके वाटले नाही. आणि बहमनी काळापासून जे मुसलमान राज्यकर्ते हा सन चालवीत आले, त्यांना मृगावर वर्ष बदलताना आपले काही बिघडते असे वाटले नाही. हिशेबाला जे सोयीचे, ते त्यांनी घेतले.

पाऊस कोण पाडतो?

मग शिर्कचा प्रश्न उरतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. कारण इस्लामपूर्व अरबांतही हाच विषय होता. पहाटे पश्चिमेला एक मंझिल मावळते आणि समोर पूर्वेला दुसरी उगवते. या घटनेला ते 'नौ' म्हणत, अनेकवचन 'अनवा'. अमुक ताऱ्याच्या नौमुळे पाऊस झाला, अशी त्यांची समजूत होती. इब्न कुतैबा (मृत्यू ८८९) याने या विषयावर 'किताबुल अनवा' लिहिली आहे. हुदैबियाच्या मुक्कामी रात्री पाऊस झाला तेव्हा हजरत पैगंबर (स.) यांनी सकाळी सहाबांना या समजुतीबद्दल स्पष्ट शब्दांत सावध केले. ज्याने हा पाऊस अल्लाहच्या कृपेचा मानला त्याचा ईमान अल्लाहवर, आणि ज्याने तो ताऱ्याचा मानला त्याचा विश्वास ताऱ्यावर, असा त्या हदीसचा आशय आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे.

हदीसने तारा पाहायला मनाई केली नाही. ताऱ्याला पाऊस पाडणारा मानायला मनाई केली. तारा खूण आहे, कारण नाही. घड्याळात बारा वाजले की शाळा सुटते, पण घड्याळ शाळा सोडत नाही. 'रोहिणी लागली' म्हणणारा मावळी शेतकरी तारखेविषयी बोलत असतो. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, हे पाहून पाऊस किती पडेल ते ठरवणे वेगळे. ती वाहने नऊच्या भागाकारात उरलेल्या बाकीवरून ठरतात. ढगांचा त्यात काही संबंध नसतो. तेथे धर्म आणि विज्ञान दोघेही एकाच बाजूला उभे राहतात.

खुद्द आकाशानेच याचे दोन पुरावे ठेवले आहेत. पहिला असा की दबरान अरबांकडे अशुभ मानला जाई. तो पहाटे दिसू लागला की खडकाळ जमीन तापते आणि डबकी आटतात, अशी त्यांची अनुभवाची वचने होती. आपल्याकडे तीच रोहिणी शुभ, चंद्राची लाडकी, कृष्णाचे जन्मनक्षत्र, पहिल्या सरींची वर्दी देणारी. तारा एकच. तिकडे डबकी आटतात आणि इकडे भरू लागतात. मग गुण ताऱ्याचा म्हणायचा की त्या-त्या भूमीचा? अरबस्तानात त्या दिवसांत उन्हाळा तापू लागतो. आपल्याकडे अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. म्हणूनच घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. रोहिणी तर दोन्ही गावांवर सारखीच असते.

दुसरा पुरावा कालगणनेचा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे नक्षत्रांच्या तारखा दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतात. वडगावच्या तहाच्या काळी मृग आजच्यापेक्षा तीनेक दिवस आधी निघत असे. आणखी दोन हजार वर्षांनी रोहिणी जूनच्या अखेरीस लागेल, पण मोसमी पाऊस काही तिच्यासाठी थांबणार नाही. पाऊस ऋतूबरोबर येतो. नक्षत्र त्याच्या बाजूने हळूहळू सरकत जाते.

आणखी एक गंमत सांगते. रोहिणी लागते म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. ३१ मे-१ जूनच्या सुमारास तो या ताऱ्याच्या अगदी जवळून जातो. म्हणजे सगळा मावळ ज्या दिवसांत रोहिणीचे नाव घेतो, त्या दिवसांत ती सूर्याच्या प्रखर प्रकाशात बुडालेली असते, दिसतच नाही. नंतर ती पहाटे बाहेर येते तर आपल्याकडे ढग. रोहिणी खऱ्या अर्थाने भेटते ती भातकापणीला. कार्तिकात रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेला पाहावे, आणि डिसेंबरच्या आरंभी तर ती सूर्य मावळताच उगवते आणि रात्रभर आकाशात असते.

तो तारा आहे तरी कसा?

तो आहे एक म्हातारा तारा. सूर्यापेक्षा त्याचे वस्तुमान थोडेच जास्त आहे, सुमारे १.२ पट. पण व्यास सूर्याच्या जवळजवळ ४४ पट, म्हणजे सहा कोटी किलोमीटरच्या आसपास. सूर्याच्या जागी तो ठेवला तर बुधाच्या कक्षेच्या निम्म्या वाटेपर्यंत त्याचा पृष्ठभाग येईल. एवढे थोडे द्रव्य एवढ्या मोठ्या जागेत पसरलेले असल्यामुळे तो कमालीचा विरळ आहे. त्याची सरासरी घनता आपल्या श्वासातल्या हवेच्या पन्नासाव्या भागाइतकीही भरत नाही.

तो असा फुगला कशामुळे? ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असते, तीच त्याची चूल. या ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला. गाभा आकसला, तापला, आणि त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जोराने जळू लागला. त्या उष्णतेने बाहेरचे थर फुगले आणि फुगता फुगता थंड झाले. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला आहे, रोहिणीचा ३,६०० च्या आसपास. लोहाराच्या भट्टीतले लोखंड जसे थंड होताना पांढऱ्याचे पिवळे आणि पिवळ्याचे तांबडे होते, तसाच हा रंग. 'रोहित'वरून नाव ठेवणाऱ्याने नकळत त्याचे तापमान सांगून ठेवले होते. पृष्ठभाग थंड असला तरी तो विस्ताराने इतका मोठा आहे की एकूण प्रकाश सूर्याच्या चारशे पटींहून अधिक आहे. अशा ताऱ्यांना 'तांबडे राक्षसी तारे' म्हणतात. सुमारे पाचशे कोटी वर्षांनी आपला सूर्यही त्याच वाटेने जाणार आहे.

१८६४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स आणि मिलर यांनी या ताऱ्याचा वर्णपट तपासला आणि त्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह यांच्या खुणा सापडल्या. जे लोह आपल्या विळ्या-कोयत्यांत आणि रक्तात आहे, तेच तेथेही. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान आणि वर्णपटातल्या रेषा यांचे गणित मांडले, त्यामुळे अशा ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावता येऊ लागला.

त्याआधी १७१८ मध्ये एडमंड हॅले याने जुन्या नोंदी आणि नवे वेध यांची तुलना केली, तेव्हा व्याध, स्वाती आणि हाच आल्डेबरान आपल्या जुन्या जागांवरून सरकलेले आढळले. 'स्थिर' म्हटले जाणारे तारे स्थिर नाहीत, हे यातून कळले. हॅलेच्या पुराव्यांत इसवी सन ५०९ मध्ये अथेन्सहून चंद्राने हा तारा झाकलेला पाहिल्याची एक नोंद होती. चंद्र-रोहिणीची ती भेट आजही होते. २०१५ ते २०१८ या काळात चंद्राने तिला दर महिन्याला झाकले. आता पुढची मालिका २०३३ मध्ये सुरू होईल.

दबरानच्या त्या उंटांचे काय? रोहिणी आपल्यापासून सुमारे ६६ प्रकाशवर्षांवर आहे, आणि तो 'व्ही'चा समूह सुमारे १५० प्रकाशवर्षांवर. म्हणजे हा तारा त्या कळपातला नाहीच. तो आपल्या जवळच्या बाजूला एकटा उभा आहे, फक्त नजरेच्या एका रेषेत आल्यामुळे कळपाचा धनी वाटतो. आज रात्री डोळ्यांत शिरणारा त्याचा किरण १९६० च्या आसपास, महाराष्ट्र राज्य होत होते त्या सुमारास, तेथून निघाला आहे. १९७२ मध्ये सोडलेले पायोनियर-१० हे यान साधारण त्याच दिशेने चालले आहे. त्याला तेथवर पोचायला वीस लाख वर्षे लागतील.

वारसा कुणाचा?

लोणावळ्याच्या बाजारपेठेत आता दिव्यांमुळे फारसे तारे दिसत नाहीत. पण पवनेच्या खोऱ्यात, नाणे मावळात किंवा आंदर मावळात जरा आत गेले की हिवाळ्यात आकाश स्वच्छ मिळते. मृगाच्या पोटातले तीन तारे ओळखायला सोपे. त्यांतून जाणारी रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, ज्याला कुराण शरीफात 'शिअरा' म्हटले आहे. दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिका, म्हणजे सुरैया. मुलांना हे एकदा दाखवले की ती विसरत नाहीत, आणि मग शिर्कचा प्रश्न विचारणारी मुलगी पुढचा प्रश्न अधिक चांगला विचारते.

त्यांच्यासाठी आणखी एक काम मला सुचते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांत आपल्या मावळाची गावे आहेत, वसुली आहे, दुष्काळ आहेत, तंटे आहेत. त्या कागदांवरची तारीख वाचताना बहुतेक अभ्यासकांना 'सलास', 'खमसैन', 'मया व अलफ' ही यादी पाठ करावी लागते. आपल्या उर्दू शाळेतल्या मुलांना यातले निम्मे शब्द आधीच ठाऊक असतात. त्यांना फक्त मोडी शिकायची आहे, आणि एखाद्या सुट्टीत मन लावून बसले तर तिची ओळख होते. ज्या मुलाला उर्दू, मराठी आणि मोडी येते, त्याला मावळाचा इतिहास दुसऱ्याकडून ऐकण्याची गरज उरत नाही. तो स्वतः वाचू शकतो.

आपल्या शाळांनी, मदरशांनी आणि वाचनालयांनी याचा विचार करावा. एक मोडीचा वर्ग, आठ-दहा मुले आणि शिकवायला तयार असलेला एक माणूस एवढे पुरते. मृग निघाला की नवे साल धरण्याची या मातीची जुनी रीत आहे. शाळाही त्याच सुमारास उघडतात.